घागरीतला समुद्र

बादलीत करंगळी बुडवायची, ती जिभेला लावायची, डोळे मिटून क्षणभर थांबायचं आणि मान हलवून म्हणायचं, "अजून समुद्र न्हाई झाला." गुरुजी मला पहिल्यांदा दिसले ते असे. पालमच्या शाळेत विज्ञान शिकवायला मी नुकतीच बदलून आले होते, भाड्याच्या खोलीचं कुलूप उघडत होते, आणि शेजारच्या ओट्यावर धोतर नेसलेले एक गृहस्थ बादलीतलं पाणी चाखत होते. म्हटलं, शेजार बरा मिळाला आपल्याला.

तुम्हीही तिथे असता तर थबकला असतात. आमच्याकडे उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याची मारामार, आणि हे गृहस्थ चांगल्या पाण्यात मीठ कालवत बसलेले. त्यातही एक शिस्त होती. एकदा चाखलेलं बोट उष्टं झालं, ते पुन्हा बादलीत जायचं नाही. आधी करंगळी, मग चिमूटभर मीठ, मग अनामिका, मग मधलं बोट. अंगठ्यापर्यंत बहुतेक समुद्र झालेला असायचा. पण झाल्यावर ते काही बोलत नसत, नुसती बादली उचलून आत नेत. 'झाला' असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

गुरुजी म्हणजे पूजा सांगणारे गुरुजी. सत्यनारायण, वास्तुशांत, लग्न, दहावा, सगळं. पहाटे एसटीने खेड्यांवर जायचे आणि बाराच्या आत परत यायचे. घरात ते आणि काकू दोघंच. मुलगा पुण्यात नोकरीला. आणि मधल्या खोलीत, देवघराला लागून, काचेची मोठी टाकी. तिच्यात नारिंगी अंगाचे, पांढऱ्या पट्ट्यांचे दोन मासे. दुकानदार त्यांना क्लाऊनफिश म्हणतात, गावातली पोरं जोकर मासे म्हणायची. गुरुजी त्यांना यजमान आणि यजमानीण म्हणत.

मी न राहवून विचारलं होतं, हे खूळ आलं कुठून? ते म्हणाले, "नांदेडला एका घरी वास्तुशांत होती बघा. हॉलमध्ये अशी टाकी. मी कलशपूजा करायलो होतो. कलशात सगळ्या समुद्रांना बोलवायचं असतं. बोलवता बोलवता नजर तिकडं गेली आन मला लाजच वाटली, बाई. तीस वर्सं झाली, रोज तांब्यात समुद्र बोलावतो. मी समुद्र पाहिला बी न्हाई. तो तरी कशाला येईल खामखा? म्हटलं, आता आपणच करावा."

मग नांदेडहूनच जोडी आणली. पाण्याने फुगवलेली पिशवी पूजेच्या झोळीत ठेवून, झोळी मांडीवर घेऊन ते एसटीत बसले. कंडक्टरने विचारलं, "गुरुजी, परसाद का?" गुरुजी म्हणाले, "नवराबायको हायेत. हळू चालवायला सांगा ड्रायव्हरला." हे ते इतक्या गंभीरपणे सांगत की कंडक्टरचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढे उभा राहायचा.

माझा त्यांच्या समुद्रात प्रवेश झाला तो एका अळणी उपवासामुळे. त्या दिवशी त्यांना मीठ जिभेवर ठेवता येईना आणि पाणी तर बदलायचं होतं. ओट्यावरून हाक आली, "बाई, जरा तुमची जीभ द्या." मी करंगळी बुडवली. तोपर्यंत समुद्र मीही पाहिला होता तो एकदाच, सहलीत, आणि तेव्हा तो चाखायचं काही सुचलं नव्हतं. पुढे मी त्यांना खारटपणा मोजायची एक छोटी दुर्बिणीसारखी नळी मागवून दिली. ते आधी जीभ लावायचे, मग नळीतून बघायचे, आणि जिभेशी जुळलं की नळीचं कौतुक करायचे. "हुशार हाय तुमचं यंत्र."

खरी गोष्ट पुढेच आहे. त्यांना मासे पाळायचे नव्हते, त्यांना पिल्लं हवी होती. यजमानीण टाकीतल्या फुटक्या माठाच्या खापरीवर दर दोन-तीन आठवड्यांनी नारिंगी अंडी घाली. तिळाएवढी, तीनचारशे. त्यानंतर ती रिकामी. अंड्यांना पंखाने वारा घालायचा, तोंडाने साफ करायचं, कुणी बोट नेलं तर चावायचं, हे सगळं यजमानाकडे. गुरुजींना याचं अपार कौतुक. "बघा की. राबायलाय कोण आन मिरवायलीय कोण." हे ते काकूंना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायचे आणि काकू आतून भांडं आपटून पोच द्यायच्या.

काकूंची अडचण वेगळी होती. गुरुजींच्या घरात अंडी, हे शब्द त्यांच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. त्या 'दाणे' म्हणायच्या. एकदा गुरुजी ओट्यावर उभं राहून फोनवर कुणाला तरी "या खेपेला अंडी चारशेच्या वर हायेत" असं सांगत होते आणि समोरून दोन बायका चालल्या होत्या. झालं. दोन दिवसांत गावभर झालं की गुरुजींनी पोल्ट्री टाकली. काकू आठवडाभर मंदिरात गेल्या नाहीत. त्यांनी टाकीला कधी हात लावला नव्हता, आणि आता लावणारही नाही असं मला बजावून सांगितलं, जणू मीच आग्रह करत होते.

अंडी आठव्या दिवशी फुटतात आणि फुटायला त्यांना काळोख लागतो. आता गुरुजींना जाग्रण झेपत नसे. मग त्यांनी रात्रच हलवली. मधल्या खोलीला काळे पडदे लावले, टाकीचा दिवा रात्रभर चालू ठेवायचा आणि दुपारी एक वाजता बंद करायचा. मासे बिचारे फसले. कुणी दुपारी भेटायला आलं की गुरुजी ओट्यावरच थांबवायचे आणि बोटाने गप्प करत म्हणायचे, "आत रात्र हाय. हळू बोला." पंचांगाच्या समासात ते प्रत्येक खेप फुटायची तिथी पेन्सिलीने लिहीत आणि त्या दिवशी गावाबाहेरचं काम धरत नसत. लग्नाच्या मुहूर्ताला त्यांनी कधी हात लावला नाही, पण कितीतरी सत्यनारायण एक दिवस पुढे गेले. यजमान मंडळी समजत, काहीतरी ग्रहांचं असेल.

त्या दुपारी अंड्यांची खापरी उचलून शेजारच्या टपात ठेवली की पिल्लं निघायची, अगदी निघायची. काळोखात बॅटरीच्या उजेडात काचेसारख्या शेपट्यांचा नुसता सडा. त्यांना खायला डोळ्याला जेमतेम दिसणारे जीव लागतात, रोटिफर म्हणतात त्यांना. ते गुरुजी खिडकीत हिरव्या पाण्याच्या बाटल्यांत वाढवत. पहिला दिवस बरा जाई. दुसऱ्या दिवशी टपात सोडलेले रोटिफर मेलेले दिसत. तिसऱ्या दिवशी सगळी पिल्लं तळाला मरून पडलेली. दर खेपेला हेच. अंगावर पांढरा पट्टा उमटला की पिल्लू वाचलं म्हणायचं. गुरुजींना एवढंच हवं होतं. "एक पट्टा दिसू द्या बाई, एकाच्या तरी अंगावर. मग टाकी कुणाला बी देऊन टाकतो." तीन वर्षं मी हे वाक्य ऐकलं आणि तीन वर्षं तिसरा दिवस काही पार पडला नाही.

त्या काळातला एक प्रसंग सांगते, कारण तो पुढे कामाला आला. एका खेड्यातला माणूस मोटारसायकलवर आला. त्याचा भाऊ वारला होता. ओट्यावरच उभं राहून त्याने विचारलं, "गुरुजी, म्हातारी म्हणायलीय सुतकात गोठ्यात जाऊ नका. म्हशी हंबरायल्यात. काय करू?" गुरुजी बादलीत करंगळी घालून बसले होते. वर न बघताच म्हणाले, "जा आन वैरण टाक. सुतक माणसाला असतं, दावणीला नसतं. जित्या जिवाला उपाशी ठेवा असं कोणत्या पोथीत बी लिवलेलं न्हाई." तो माणूस हात जोडून गेला आणि गुरुजींनी अनामिका पुढे केली.

आता चूक सांगते, आणि त्यात माझाही वाटा आहे. एका सकाळी काकू ओट्यावर चिंचेने तांब्याची घागर घासत होत्या. "किती बी घासा," त्या पुटपुटल्या, "यांचं मिठाचं पाणी भरून ठेवलं की पुन्हा हिरवी." मी शाळेत निघाले होते. चार पावलं गेले आणि पाय थांबले. पिल्लांच्या टपाचं सगळं पाणी गुरुजी रात्रभर त्या घागरीत मुरवत. प्लास्टिकची बादली कालवण्यापुरती, मुरवायला मात्र घागर. तांबं आणि मीठ. तांब्यावर हिरवा थर का चढतो, हे मी त्याच आठवड्यात वर्गात शिकवलं होतं, फळ्यावर आकृती काढून. मोठे मासे ते तांबं कसंबसं पचवतात. रोटिफर आणि दोन दिवसांची पिल्लं नाही पचवत. आणि मी तीन वर्षं रोज त्या घागरीकडे बघत होते.

मी परत फिरले आणि गुरुजींना सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं, तांब्यानं? मी हो म्हणाले. ते जोत्यावर बसले. घागर समोर होती, चिंचेने लखलखत होती. तिच्यावरून हात फिरवत म्हणाले, "शुद्ध म्हणून घेतली होती, बाई."   दुसऱ्या दिवशी ते बाजारातून रंगाचे दोन रिकामे प्लास्टिकचे ड्रम घेऊन आले, आठ पाण्यांनी धुतले, आणि घागर देवघरात नेऊन ठेवली.

पंधरा दिवसांनी यजमानिणीने नवी खेप घातली. गुरुजींनी समासात तिथी लिहिली. त्यानंतर दोनच दिवसांनी, एका गावी सत्यनारायण सांगून आले, ओट्यावर पाय धुतले, काकूंना "छातीत जड वाटायलंय" म्हणाले आणि दवाखान्यात पोचायच्या आधी गेले.

मुलगा आला, नातेवाईक आले. घरातले देव बंद झाले. मी रोज मागच्या दाराने जाऊन माशांना खायला घालत होते आणि दिवा लावत-विझवत होते. त्याबद्दल कुणी काही बोललं नाही. मुलगा भला माणूस, पण तो तरी काय करणार? "आईला एकटीला हे कसं जमणार, बाई? तेरावा झाला की नांदेडच्या दुकानदाराला बोलावून देऊन टाकतो." मला ते पटत होतं आणि तरी राग येत होता.

सहाव्या दिवशी, म्हणजे अंड्यांच्या आठव्या, मी दुपारची रजा काढली. अंड्यांत चंदेरी डोळे चमकत होते. प्लास्टिकच्या ड्रममधलं पाणी टपात भरून झालं होतं. आता खापरी उचलून टपात ठेवायची आणि दिवा घालवायचा, एवढंच राहिलं होतं. मी बाह्या वर केल्या, तेवढ्यात दारातून काकू म्हणाल्या, "थांबा बाई. मी करते."

त्या आत आल्या आणि टाकीपाशी उभ्या राहिल्या. हात पुढे झाला आणि पाण्याच्या वर थांबला. "पण चालंल का हो? देवाला हात लावता येत न्हाई सध्या. हे पाणी..." त्या माझ्याकडे बघत होत्या. "असलं काही असलं की सगळं गाव यांना विचारायचं. आता मी कुणाला विचारू?"

मी त्यांना म्हशीवाल्या माणसाची गोष्ट सांगायला लागले. दोन वाक्यं झाली असतील, त्यांनी मला थांबवलं. "म्हायती हाय. मी तवा आतच होते." मग पदर खोचला आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. यजमान त्यांच्या बोटांना चावायला धावला. "चाव, चाव," त्या म्हणाल्या, "तुझंच बरोबर हाय," आणि खापरी दोन्ही हातांनी, नैवेद्याचं ताट न्यावं तशी टपाकडे नेली. मी दिवा घालवला. बाहेरच्या खोलीत कुणी मोठ्याने बोलत होतं. काकूंनी पडद्यातून डोकं काढलं आणि सांगितलं, "आत रात्र हाय. हळू बोला."

दुसरा दिवस गेला, रोटिफर जिवंत होते. तिसरा दिवस उजाडला तेव्हा मी पडदा सारायला घाबरत होते. काकूंनी सारला. पिल्लं पोहत होती. सगळी नव्हेत, निम्मी तरी. चौथा गेला, पाचवा गेला. दहाव्याच्या दिवशी सगळे नदीवर असताना मी एकटीने त्यांना जेवू घातलं आणि टपाशेजारी बसून मनसोक्त रडले.

तेरावा झाला, पाहुणे पांगले. दुसऱ्या दिवशी शाळेत जाण्याआधी डोकावले तर काकू टपावर वाकलेल्या होत्या. त्यांनी नुसतं बोट दाखवलं. एका पिल्लाच्या डोळ्यामागे पांढरी रेघ होती. नखाने ओढावी तेवढी. मग दुसऱ्याच्या अंगावर दिसली, मग आणखी एकाच्या. मुलगा मागे येऊन उभा राहिला. "काय आहे?" त्याने विचारलं.

"यांच्या अंड्यांतली पिल्लं हायेत," काकू म्हणाल्या. हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला. "दुकानदाराला फोन करून सांग, येऊ नको म्हणावं."

मुलगा फोन घेऊन बाहेर गेला. काकूंनी पंचांगाच्या समासातल्या तिथीपासून दिवस मोजले, पाणी बदलायचा दिवस होता. बादली ओट्यावर आणली, मीठ कालवलं आणि करंगळी बुडवून जिभेला लावली. डोळे मिटून घेतले. समोरच्या रस्त्यावरून त्याच दोन बायका चालल्या होत्या, त्या थांबून बघायला लागल्या. काकूंनी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही.

"अजून समुद्र न्हाई झाला," त्या म्हणाल्या. "मीठ द्या बाई." मी पाकीट पुढे केलं. त्यांनी चिमूटभर मीठ टाकलं, पाणी ढवळलं, आणि करंगळी बाजूला धरून अनामिका पाण्यात बुडवली.