चादरी कधी वाळल्या?

दुकानात सगळे त्यांना चूळकाका म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. वाइनच्या दुकानात माल निवडायची नोकरी त्यांनी चौतीस वर्षं केली आणि एवढ्या वर्षांत भारीतली भारी वाइन तोंडात घोळवून बादलीत थुंकून टाकली. "उभा जन्म दारूच्या दुकानात काढून माणूस शुद्धीवर राहिला," असं त्यांची बायको आल्यागेल्याला सांगायची आणि स्वतःच हसत सुटायची.

काम तसं कुणालाही जमेल असं वाटतं. डोंगराळ भागातून, नदीकाठावरून, समुद्राकडच्या मळ्यांतून नमुन्याच्या बाटल्या येतात. कुठल्या भागातलं कुठल्या सालचं घ्यायचं ते ठरवायचं, झालं. पण घोडं अडतं ते साल ठरवताना. कोवळी वाइन महालबाड. आज गोड गोड बोलणारी पाच वर्षांत पाणचट होते, आणि आज तोंड वाकडं करायला लावणारी दहा वर्षांनी अशी काही खुलते की गिऱ्हाईक दुकान शोधत परत येतं. काकांचं साल सहसा चुकत नसे. थोरले मालक होते तोवर काकांच्या शब्दापुढे कुणी ब्र काढला नाही.

आता सांगायला हरकत नाही. जीभ काकांची होती, पण साल काकू ठरवायच्या. काकूंनी वाइनचा थेंब कधी तोंडात घेतला नाही, वासानेच त्यांचं डोकं दुखायचं. द्राक्षतोडणीच्या आठवड्यात मात्र त्या मळेवाल्यांच्या बायकांना एकेक करून फोन लावायच्या. मळेवाल्याला विचारून काय उपयोग? तो स्वतःच्या मालाला कशाला नावं ठेवेल? काकू वाइनचा विषयच काढत नसत. दोनच गोष्टी विचारायच्या: दोरीवरच्या चादरी कधी वाळल्या, आणि रात्री पांघरूण लागलं का. चादरी दुपारच्या आत वाळल्या म्हणजे द्राक्षं कोरडी, न कुजता हाती आली. रात्री पांघरूण लागलं म्हणजे फळातला आंबटपणा टिकला, आणि तोच तर वाइनला म्हातारपणापर्यंत धड नेतो. मग स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून त्या निकाल द्यायच्या, "अहो, यंदा डोंगरावरचं घ्या. नदीकाठाला हात लावू नका, तिथे चार दिवस पायपुसणंसुद्धा वाळलं नाही." दारातल्या त्या काकू आता काकांना दिवसातून दहादा आठवतात.

उन्हाळ्याच्या तोंडाशी काकू गेल्या. त्याआधीच्या तोडणीला त्या हॉस्पिटलमध्ये होत्या, म्हणजे त्या सालचे फोन झालेच नव्हते. आणि नेमक्या त्याच सालच्या बाटल्या आता टेबलावर येऊन बसल्या होत्या.

बाकीच्या भागांचं काकांनी जिभेवर कसंबसं निभावलं. डोंगरावरच्या बाटलीपाशी मात्र अडले. वाइन कडक, तुरट, काही बोलायलाच तयार नाही. ही पुढे खुलणार की अशीच मरणार?

"काका, वाइनच्या मासिकाने हिला शंभरात बासष्ट दिलेत," धाकटे मालक म्हणाले. "सोडून द्या."

"जरा थांब."

"थांबतो. पण कारण सांगा. शुक्रवारपर्यंत सांगा, नाहीतर इथून पुढे खरेदी मासिकाच्या गुणांवर करू."

थोरल्या मालकांचा हा मुलगा वाईट मनाने बोलला नव्हता. पण चौतीस वर्षं काकांचं कारण घरी दारात उभं असायचं, आणि आता त्या दारात कुणी नव्हतं.

गुरुवारी दुपारी त्यांनी काकूंच्या वहीतून डोंगरावरच्या बाईंचा नंबर काढला आणि घाबरत घाबरत लावला.

"दर तोडणीला तुम्हाला फोन करायची ना, मी तिचा नवरा बोलतोय. जरा विचारायचं होतं..."

"ओळखलं की! जेवलात का?"

जेवण झाल्याचं ऐकून बाईंनी जे चऱ्हाट लावलं ते संपेचना. त्यांचा गुडघा, लेकीचं नवं घर, गळकं छप्पर. काकांनी तोंड उघडलं की त्याच उलटं विचारायच्या. रांधतं कोण? झोप लागते का? कपडे कोण धुतं? आधी काका हो-नाहीवर भागवत होते. मग कसं कोण जाणे, रोज काही ना काही करपतं हे त्यांनी सांगितलं. धुतलेले कपडे बादलीतच विसरतात आणि मग त्यांचा वास मारतो, हेही सांगितलं. त्या वासाने तिची आठवण येते, कारण ती असती तर ओरडली असती, हे तर त्यांनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. घड्याळात पाहिलं तर पस्तीस मिनिटं झालेली.

"बाई, तोडणीच्या वेळी चादरी..."

"दुपारच्या आत वाळल्या. रात्री दोन दोन पांघरुणं घेतली. माल डोळे मिटून घ्या."

"मग हे आधीच नाही का सांगायचं?"

"तिने बजावलं होतं," बाई म्हणाल्या. "तोडणीच्याच आठवड्यात हॉस्पिटलमधून फोन आला तिचा. म्हणाली, पुढच्या वर्षी ह्यांचा फोन येईल. चादरींचं लगेच सांगू नकोस, ऐकलं की ठेवून देतील. आधी अर्धा तास बोलतं कर."

काकांना रडू फुटलं.

"बाकीच्यांना केलेत ना फोन?" ते ओसरल्यावर बाईंनी विचारलं.

"नाही. त्यांचं मी आपलं जिभेवरच..."

"अहो, काय हे! नदीकाठची, समुद्राकडची, सगळ्या वाट बघतायत. महिनाभर एकमेकींना विचारतोय, आला का फोन, आला का फोन."

शुक्रवारी सकाळी काकांनी धाकट्या मालकांना कारण सांगितलं, चादरींसकट. मालक आधी हसले, मग त्यांनी डोंगरावरच्या मालाची ऑर्डर लिहून घेतली.

"आणि बाकीची यादी पक्की धरू?"

"नको, ती पुन्हा बघावी लागेल. अजून चार फोन करायचेत."

"मग होईल की दहा मिनिटांत."

"छे," काका खुर्ची फोनजवळ ओढत म्हणाले. "प्रत्येकीला अर्धा तास. तसं ठरलंय."