खिचडी खाऊन केलेली सही

त्या केसबद्दल मी आजवर कोणाला सांगितलं नाही, सुनेलासुद्धा नाही. आता निवृत्त झाले, सिंगापुरात पुंगोलच्या घरी बसून लिहायला वेळ आहे, तेव्हा सांगून टाकते.

मी पोलिसांत नव्हते हो. गोदामांची सुरक्षा तपासणारी अधिकारी होते. पण अपघात झाला की जागेची पाहणी, जबान्या, चौकशी, सगळं आमच्याकडेच.

एका गोदामाच्या लोडिंग डॉकवर फोर्कलिफ्ट मागे घेताना माल उतरवणाऱ्या कामगाराचा पाय चाकाखाली आला. दोन बोटं गेली. तिथला मॅनेजर आपलाच, पुण्याचा, गणपतीच्या कार्यक्रमात ओळख झालेला. त्याने अहवाल तयारच ठेवला होता : ड्रायव्हरने मागे पाहिलं नाही. तेवढं मान्य झालं असतं, तर ड्रायव्हरचं वर्क परमिट रद्द होऊन त्याला आठवड्यात मायदेशी पाठवलं असतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात एक निनावी फोन आला. "मॅडम, गाडी का पीछेवाला भोंगा देखो." एवढंच. मी जाऊन फोर्कलिफ्ट मागे घ्यायला लावली. मागे येताना वाजायला हवा तो भोंगा वाजलाच नाही.

ड्रायव्हरला समोर बसवलं. चाळिशीचा, तामिळनाडूचा, हिंदी मोडकंतोडकं.

"भोंगा बंद है, मालूम था?"

"मालूम था मॅडम. किताब में लिखा."

"फिर गाडी क्यों चलाया?"

"नीचे मॅडम का साइन है. मॅडम ने देखा, तो ठीक है, ऐसा समझा."

मी रोजच्या तपासणीचं रजिस्टर मागवलं. अपघाताच्या पाच दिवस आधीचं पान. सगळीकडे बरोबरच्या खुणा, फक्त भोंग्यासमोर ठळक फुली. आणि खाली माझी सही.

मग आठवलं. त्या दिवशी मी तिथे तपासणीला गेले होते आणि संकष्टी होती. मॅनेजर म्हणाला होता, "ताई, खाली काय तापलंय! तुमचा उपास, कशाला उतरता? रजिस्टर वरच मागवतो. हिने खिचडी दिलीय, खास तुमच्यासाठी." परक्या देशात कोणी उपासाची आठवण ठेवली, याचंच मला कौतुक. एसीत बसून खिचडी खाल्ली, पानं उलटली, सह्या केल्या. डॉकवर पाऊलही टाकलं नाही.

आता तोच मॅनेजर हळूच म्हणाला, "ताई, सही तुमचीही आहे. ड्रायव्हरची चूक लिहा, सगळ्यांचंच मिटेल."

मी त्याला झापायला हवं होतं. झापलं नाही. ते रजिस्टर दोन दिवस माझ्या खणात पडून होतं. जबानी टाइप करून घेतली, त्यात फुलीचं वाक्य घातलंच नाही. लिहितानाही लाज वाटते आहे.

ड्रायव्हर सही करायला आला. इंग्रजी त्याला वाचता येत नव्हतं. पेन हातात घेऊन म्हणाला, "किताबवाला बात लिखा ना, मॅडम?"

हो म्हटलं असतं तर त्याने सही केली असती. माझ्यावर विश्वास ठेवूनच तर तो गाडीवर बसला होता.

मी तो कागद त्याच्यासमोर फाडला. जबानी पुन्हा लिहून घेतली, शब्द न् शब्द. रजिस्टर साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवलं आणि सही कुठे बसून केली तेही सांगितलं. ड्रायव्हरचं परमिट राहिलं, मॅनेजरवर कारवाई झाली. मला लेखी ताकीद मिळाली, बढती गेली. ते योग्यच झालं.

आपण कागद उरकायला सही करतो. खालचा माणूस मात्र त्या सहीच्या भरवशावर आपला पाय तिथे ठेवतो. एवढी साधी गोष्ट कळायला मला दुसऱ्याची दोन बोटं लागली.

त्या जखमी कामगाराला भेटायला हॉस्पिटलात गेले. माफी मागितली. त्याने पायाच्या बँडेजकडे बघत एवढंच विचारलं, "मॅडम, भोंगा अब बजता है?"

"बजता है," मी म्हटलं. सकाळीच डॉकवर उभी राहून ऐकून आले होते.