सोप्या वाटेवरची हाक

गिअरची सायकल मी पहिल्यांदा चालवली ती त्रेपन्नाव्या वर्षी, आणि तीसुद्धा वडिलांच्या मागे मागे, ते पडू नयेत म्हणून. प्रत्यक्षात पहिल्याच वळणावर पडले मी. ते सरळ पुढे निघून गेले, मागे वळूनही पाहिलं नाही. सायकली देणारा माणूस लांबून ओरडला, "मॅडम, बाउजी की चिंता छोड़ो, आप अपना देखो!" गुडघा खरचटला होता, तरी मला हसू आलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे हसण्यासारखं फारसं नाही.

नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, विसरण्याचा आजार जडून तेव्हा दोन वर्षं झाली होती. देवासच्या सरकारी शाळेत गणित शिकवण्यात त्यांचा जन्म गेला. घर ते शाळा आणि शाळा ते घर, टेकडीखालच्या रस्त्यानं, सायकलवर. स्कूटर घ्या म्हटलं की म्हणायचे, "स्कूटरला पेट्रोल लागतं, सायकलला नुसता माणूस पुरतो." तो माणूस आता स्वतःच्या घरात न्हाणीघराचं दार शोधत फिरायचा. मी इंदूरहून आठवड्यातून दोनदा जात असे. मला ते 'ताई' म्हणत, कारण ही कुणीतरी ओळखीची बाई आहे एवढंच त्यांना कळायचं. सुरुवातीला मी दर वेळी सांगायची, नाना, मी तुमची मुलगी. ते "हो का? वा वा," म्हणायचे आणि मला बसायला सांगायचे. मग मी सांगणं सोडून दिलं.

आईला मात्र ते ओळखत. म्हणजे कसं, ते सांगते. आई त्यांच्या खांद्याशी जाऊन उभी राहायची आणि हळूच म्हणायची, "अहो." ते मान वळवून म्हणायचे, "काय गं?" जरा वैतागून, अगदी पूर्वीसारखं. बाकी सगळ्या जगाशी ते लग्नाला आलेल्या पाहुण्यासारखे गोड वागत. वैतागायचे फक्त तिच्यावर. दिवसातून चार-पाच वेळा ती काही काम नसतानाही "अहो" म्हणायची, आणि ते "काय गं" म्हणाले की "काही नाही" म्हणून परत स्वयंपाकघरात जायची. मला राग यायचा. आजारी माणसाला उगाच कशाला छळायचं, असं मी तिला तोंडावर म्हटलंही होतं.

इंदूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की त्यांच्याशी बोलताना आधी त्यांचं नाव घ्या, मग काय ते सांगा. त्या दवाखान्यात नाव पुकारलं तेव्हा नाना खरोखरच ताडकन उठून उभे राहिले होते. त्या दिवसापासून मी आईच्या मागे लागले. आमच्या घरात ते सोपं नव्हतं. देवास संस्थानच्या दोन गाद्या, थोरली पाती आणि धाकटी पाती; पणजोबा थोरल्या पातीच्या दरबारात कारकून होते. दरबार गेला, थोरली पाती गेली, धाकटी पाती गेली, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, मुलांनी बापाचं घ्यायचं नाही. बँकेच्या फॉर्मवर नवऱ्याचं नाव लिहायची वेळ आली की आई पेन माझ्याकडे सरकवायची.

"नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं असं वाटतं का तुला?" मी एकदा चिडून विचारलं.

"आयुष्याचं मला नको सांगूस," आई म्हणाली. "अहो म्हटलं की ते माझ्याकडे बघतात. तेवढं रहने दे ना बाई."

मी ते कानाआड केलं. जुन्या वळणाची बाई, दुसरं काय बोलणार, असं मला वाटलं.

आईचं माहेर धारचं. तिच्या भाच्याच्या मुलीचं लग्न होतं. ते आटोपल्यावर मी दोघांना परस्पर मांडूच्या वाटेवर, एका तळ्याकाठच्या रिसॉर्टवर घेऊन गेले. दोन वर्षांत आईला दुपारी पाठ टेकायला मिळाली नव्हती. दोन दिवस आयतं जेवण मिळेल, तळ्यावरचा वारा खाईल, नानांना मी सांभाळीन, असा माझा बेत होता. आणि माझे बेत मोडायची आमच्या घरात कुणाची टाप नव्हती.

तिथे खुरासानी चिंचेच्या जाड बुंध्याला टेकवून गिअरच्या सायकली ठेवल्या होत्या. तळ्याला वळसा घालून एक जवळजवळ सपाट, तांबड्या मातीची वाट जात होती. तिच्या तोंडाशी 'सरल मार्ग' अशी पाटी. नाना एका सायकलीपाशी थांबले, टायर अंगठ्यानं दाबून पाहिला, ब्रेक दाबून पाहिला आणि मी काही म्हणायच्या आत टांग मारून निघाले. मी दुसरी सायकल ओढली आणि मागे सुटले. पडले ती तेव्हाच. पण उठून त्यांना गाठलं आणि पुढे आम्ही सगळा फेरा पुरा केला. त्यांना खड्डा दिसत होता, दगड दिसत होता. उताराला पायडल मारणं थांबवायचं हे कळत होतं. एक म्हैस वाटेत आडवी होती, तर नानांनी घंटी शोधली, सापडली नाही, मग तोंडानं "ए, ए, हट" म्हटलं आणि बाजूनं गेले. मला रडू येत होतं. वाटलं, सगळं अजून आत आहे, नुसतं बाहेर काढायला कुणी नव्हतं. ते आता मी काढणार होते.

"पोटऱ्या भरून येतील हं," आई संध्याकाळी त्यांच्या खांद्याशी उभी राहून म्हणाली. "अहो, ऐकलं का?"

"काय गं, कटकट," नाना म्हणाले, आणि ती किती खूष झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा निघालो. आईला मी वाटेवरच्या एका दगडी बाकावर बसवलं. तिथे वाट फुटत होती. एक फाटा झाडांतून रिसॉर्टकडे वळायचा आणि दुसरा तळ्याच्या पाळेवरून, म्हणजे बांधावरून, सरळ पुढे जायचा. पाळ संपली की जुन्या दगडी पायऱ्या खाली पाण्यात उतरायच्या. तिथे इशाऱ्याची पाटी होती, पण नानांचं पाट्या वाचणं बंद होऊन वर्ष झालं होतं. आदल्या दिवशी त्या फाट्यावर मी पुढे होऊन त्यांना वळवलं होतं. त्या दिवशी मी मागे राहिले. सगळं जमतंय म्हणून निवांत होते, गिअर उगाच खालीवर करून पाहत होते, आणि माझी चेन उतरली.

खाली वाकून चेन बसवत होते. मान वर केली तर नाना फाट्यावरून सरळ गेले होते. पाळेवर होते. वेगात नव्हते, शाळेला निघाल्यासारखे आरामात पायडल मारत होते. पायऱ्या आणि त्यांच्यामध्ये शंभरएक पावलं राहिली होती.

"नाना! नाना, थांबा!" मी ओरडले. सायकल तिथेच टाकून धावत सुटले. त्यांच्यावर काही परिणाम नाही.

आई उठली. "अहो! अहो!" ती ओरडत होती. पण तो शब्द तिनं कधी ओरडून उच्चारलाच नव्हता. आवाज चिरकला आणि वाऱ्यावर गेला. ती पाळेच्या दिशेनं दोन-चार पावलं धावली आणि साडी पायात आली.

मग मी ओरडले, ते नानांना नाही, आईला. "नाव घे! आई, नावानं हाक मार त्यांना!"

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग तळ्याकडे तोंड करून तिनं नानांचं नाव घेतलं. नुसतं नाव, मागेपुढे काही नाही, आणि त्याला जोडून "थांब!" एवढंच. असा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता.

नानांनी दोन्ही ब्रेक दाबले. सायकल खडीवर घसरली आणि उभी राहिली. पुढचं चाक पहिल्या पायरीच्या काठावर होतं. ते उतरले. पायानं स्टँड चाचपला, सापडला नाही, म्हणून सायकल जपून आडवी ठेवली. मग मान खाली घालून चालत आईपाशी आले.

"आलो, जिजी," ते म्हणाले. "रागावू नकोस."

जिजी म्हणजे नानांची आई. मी शाळेत असताना ती गेली. नानांना नुसत्या नावानं, अरे-तुरे करून हाक मारणारं शेवटचं माणूस तीच.

आई त्यांच्या खांद्याशी गेली. धाप लागली होती तरी हळूच म्हणाली, "अहो."

नानांनी मागे वळून पाहिलं, कुणी आलंय का म्हणून. "कुणाला म्हणतेस, जिजी?"

तेवढ्यात सायकलवाला धावत आला. "बच गए बाउजी! मॅडम, अम्माजी ने बचा लिया आज." मी आईच्या गळ्यात पडले. "बघ, मी म्हणत नव्हते?" मी म्हटलं. "नाव घेतलंस आणि थांबले की नाही?" इतकी मी हुशार. आई बाकावर बसली होती आणि नानांच्या तोंडाकडेच पाहत होती. मला वाटलं, घाबरलीय.

घरी आल्यावर दोन दिवस ती "अहो" म्हणून पाहत होती. स्वयंपाकघरातून, ओसरीवरून, खांद्याशी उभं राहून. नानांनी मान वळवली नाही. तिसऱ्या दिवशी आंघोळीला उठेनात तेव्हा तिनं नाव घेतलं. ते लगेच उठले. तेव्हापासून सगळं सोपं झालं. जेवणं, आंघोळ, औषध, सगळं एका हाकेत. येणारे-जाणारे म्हणतात, तुम्ही छान जमवलंय हो. पहिले काही दिवस आई अडखळायची, "जेवता... जेवतोस ना?" असं व्हायचं. आता अडखळत नाही.

ते नाव मलाही येत होतं. शाळेच्या दाखल्यापासून सगळीकडे मी ते माझ्या नावापुढे लिहीत आले आहे. माझा आवाज आईच्या दुप्पट मोठा. दवाखान्यात ते नाव ऐकून उभे राहिलेले मी स्वतः पाहिले होते. तरी पाळेवर माझ्या तोंडून 'नाना'च निघालं, आणि नाव घ्यायला मी आईला सांगितलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. मी हाक मारली असती तर जिजी मी झाले असते. मला ते तसेही ओळखत नव्हते, माझं काय जाणार होतं? मला स्वतःची इतकी चीड येते की काही दिवस देवासला जाणं टाळावंसं वाटतं.

हे मी आईला एकदा सांगितलं. ती पालक निवडत होती. "आता काय बोलून राहिली तू हे?" ती म्हणाली. "जिवंत आहेत ना? झालं तर." आणि निवडलेली पानं मला धुवायला दिली.

गेल्या महिन्यात मी गेले तेव्हा ती नानांना दुपारचं भरवत होती. हल्ली घास हातात घेऊन ते विसरतात, म्हणून तीच भरवते. दोन-तीन घास झाले आणि त्यांनी तिचा हात धरून थांबवला.

"जिजी, ती आली नाही अजून?"

"कोण रे?"

"ती गं. धारला गेलीय ना, लग्नाला." ते दाराकडे पाहत होते. "तिला निरोप पाठव, लवकर ये म्हणावं. मला घरात करमत नाही."

आईनं भात पुन्हा कालवला, घास केला.

"पाठवते हं, बाळा," ती म्हणाली. "तू जेव आधी."