सात हातांतला ओटा

"तुयाच ओटा हाय ना? मंग तूच फोड."

कमिटीच्या मुकादमाने सब्बल, ती लोखंडी पहार, माझ्या पायांपाशी टाकली. हातात दिली नाही. टाकली. ओटा मी सकाळीच सारवला होता, अजून ओला होता. माझी बोटंसुद्धा शेणामातीने भरलेली होती.

वाशिमबाहेर म्युनिसिपल कमिटीने नवी वस्ती आखली तेव्हा तिथे घर बांधायचा हट्ट माझाच. नवरा आणि मी, दोघंही कापसाच्या जिनात कामाला. वस्तीत नियम असा होता की रस्त्यापासून सात हात जागा मोकळी सोडायची, मग घर. सगळी घरं एका रांगेत. जागा वाया गेली म्हणून बाकीचे कुरकुरत होते. मी मात्र हरखून गेले होते. आम्ही महार. आमच्या गावी, अनसिंगला, आमची घरं गावाबाहेर, उतारावर. इथे म्हणे कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही. काय खुळी होते मी!

शेजारच्या वकीलसाहेबांनी त्या सात हातांतच ओटा काढला. ऐसपैस, वर पत्रे टाकून. त्यांचे अशील तिथे बसायला लागले. कुणी ब्र काढला नाही. मग मीही ओटा काढला, त्यांच्यापेक्षा रस्त्यापासून हातभर मागेच. एकदा मी त्यावर तूर निवडत होते आणि वकिलीणबाई समोरून गेल्या. गावात वरच्या जातीचं कुणी समोरून गेलं की आम्ही उठून उभे राहायचो. मी उठले नाही. माझ्या घरापुढे मी कशाला उठू?

बस, तेवढंच झालं. त्याच आठवड्यात मुकादम मोजायची दोरी घेऊन हजर.

"सात हाताच्या आत येते. फोडा."

"त्यायचाबी येते," मी म्हणाले. "दोरी पयले तिकडं लावा."

मुकादमाने वकीलसाहेबांकडे पाहिलं. ते आपल्या ओट्यावर पान लावत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "तिला सांग, नियम सर्वांना सारखा आहे."

माझ्या अंगाची आग आग झाली. त्यानंतरच ती सब्बल माझ्या पायांपाशी पडली.

नवरा वाकला. "जाऊ दे वं, मी फोडतो."

त्याची ती वाकलेली पाठ मला बघवेना. गावात मेलेली ढोरं ओढायला आम्ही, हाक आली की धावायला आम्ही. आता स्वतःचं घर फोडायलाही आम्हीच? मी सब्बलीवर पाय ठेवला.

"हात लावू नका, सांगून ठेवते," मी नवऱ्याला म्हणाले.

"कमिटीचा हुकूम हाय," मुकादम ओरडला.

"मंग कमिटीच्या हातानं फोडा. माया हातानं नाही."

शेवटी मी पाय काढला आणि मुकादमानेच फोडला. घामाघूम झाला, आमच्या जातीला शिव्या घालत राहिला. सगळी वस्ती बघत होती. जाताना म्हणाला, "मलबा उचल."

"तुमी फोडला, तुमी उचला."

मलबा तिथेच पडून राहिला. वकिलांचे अशील धोतर सावरत त्यातून वाट काढत गेले.

संध्याकाळी मी त्याच मातीत पाणी ओतलं आणि ती पायांनी तुडवायला लागले. ओटा त्याच जागी बांधायचा. नियम मला मान्य आहे. पण आधी वकिलांचा ओटा पडेल, मग माझा. तोवर त्यांनी कितीदाही फोडावा, मी पुन्हा बांधीन. आणि ती सब्बल आमच्या घरातलं कुणीही उचलणार नाही.