चिंचोका कोणत्या मुठीत

"जीबीएस आहे," अकोल्याचे डॉक्टर म्हणाले. "गुइलेन-बारे सिंड्रोम." मग सोपं करून सांगितलं. अंगातली जंतूंशी लढणारी ताकद चुकून आपल्याच नसांवर उलटते, पायांपासून अंग लुळं पडत वर चढतं. बहुतेक मुलं बरी होतात, पण छातीपर्यंत गेलं तर श्वासासाठी मशीन लावावी लागते. मला तेवढं शेवटचंच ऐकू आलं. माझी आरू चार वर्षांची.

मी वाशिमजवळच्या मालेगावात बांगड्या भरते. दिवसभर बायकांचे हात माझ्या हातात आणि तोंडी एकच, "हात ढिला सोडा बाई." आरू माझ्या मांडीशी बसून हेच ऐकत वाढली. गिऱ्हाईक नसलं की आमचा खेळ चाले. मुठीत चिंचोका लपवायचा, दुसऱ्यानं मूठ ओळखायची आणि बोटं सोडवून तो काढून घ्यायचा. पोरगी मोठी चिवट. करंगळी सुटली तर अंगठा घट्ट.

आधी तिला जुलाब झाले, थांबलेही. आठेक दिवसांनी पायरी चढताना "पाय दुखून राह्यले" म्हणू लागली. मी म्हटलं, कडेवर बसायचं सोंग आहे. दुसऱ्या दिवशी खेळताना नुसतं बोट लावलं आणि तिची मूठ उघडली. आणि मी काय केलं? हसले.

"काय वं आरू, बांगड्या भरायच्या हायेत काय तुले? हात ढिला सोडला!"

समोरच्या गिऱ्हाइकालाही कौतुकानं सांगितलं, कासाराची पोर आहे, न शिकवता हात सोडते. इतक्या बायकांचे हात हाताळणारी मी, मला माझ्याच लेकीचा हात कळू नये! त्या हसण्याची आजही शरम वाटते. तिसऱ्या दिवशी ती उभीच राहीना. वाशिमला नेलं, तिथून तसंच अकोल्याला.

एनसीव्ही केली, म्हणजे नसांमधून वीज किती वेगानं धावते ते पाहिलं. लंबर पंक्चर केलं, म्हणजे मणक्यातून सुईनं पाणी काढलं. तेव्हा मी तिचे पाय धरून होते. तिनं लाथ मारली नाही, तिला मारताच येत नव्हती. मग आयव्हीआयजी लावलं. दुसऱ्यांच्या रक्तातून काढलेलं हे औषध पाच दिवस थेंबाथेंबानं जातं.

छातीत किती दम उरलाय ते पाहायला डॉक्टर रोज तिला एका श्वासात आकडे म्हणायला लावत. पहिल्या दिवशी बारापर्यंत गेली, दुसऱ्या दिवशी नवावर थांबली. "सर, तिले पुढचे आकडे येत नसतील," मी म्हटलं. तिला वीसपर्यंत येतात हे मला चांगलं ठाऊक होतं.

डॉक्टरांनी सांगितलं, तिच्याशी खेळत राहा. पकड कमी वाटली, आवाज बसला, घास अडकला, तर लगेच कळवा. झालं, खेळाचीच तपासणी झाली. चिंचोका पर्समध्ये होता, पण तो काढायला माझा हात धजेना. चौथ्या दिवशी मन घट्ट करून तिच्या तळव्यावर ठेवला. तिनं बोटं मिटू पाहिली आणि चिंचोका चादरीवर घरंगळला.

"मम्मी, थो पयते," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक झाला होता.

मी बाथरूममध्ये जाऊन तोंडात ओढणी कोंबून रडले. त्या दिवशी आकडा सात होता. आरूचे पप्पा श्वासाच्या मशीनच्या खोलीकडे पाठ करून बसून राहिले, जेवलेही नाहीत.

पाचव्या दिवशीही सात. सहाव्या दिवशीही सातच. डॉक्टर म्हणाले, "थांबलंय. हीच चांगली खबर." मग आठ झाले. ज्यांच्या रक्तातून ते औषध आलं, त्यांची नावं मला कधीच कळणार नाहीत. दिवा लावताना त्यांच्यासाठी हात जोडते.

घरी आल्यावर कित्येक महिने व्यायाम चालला. तुमचं लेकरू अचानक अडखळू लागलं, हातातली वस्तू टाकू लागलं, तर लाडात आलंय म्हणू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. मी दोन दिवस घालवले.

परवा दुकानात तिनं मूठ पुढं केली. मी करंगळी ओढली, सुटेना. अंगठा ओढला, तोही नाही.

"मी नाही सोडत हात ढिला," आरू म्हणाली.

"नको सोडू, माय."

समोर गिऱ्हाईक हात पुढं करून बसलं होतं. म्हटलं, थांबा बाई जराशा. दोन्ही हातांनी सगळा जोर लावला, आणि हरले.