दोन क्लबांना एकच बदली

फुटबॉलमधलं मला तेव्हा एवढंच कळायचं, की गोलकीपरने हात लावला तरी चालतो. अशा माणसाने राष्ट्रीय कपाच्या भानगडीत पडू नये. मी पडलो, तोही दोन्ही बाजूंनी.

दोन हजार साल उलटून काही वर्षं झाली होती. तळोज्याच्या एका केमिकल कारखान्यात मी लॅबमध्ये होतो. त्याआधी चार वर्षं रिॲक्टरवर काढलेली, त्यामुळे दोन्हीकडची कामं येत. रिॲक्टरला रविवार नसतो. त्यामुळे आमच्याकडे बदलीचं रजिस्टर होतं. ज्याची पाळी त्याने येऊन सही करायची, त्याच्या जागी थांबणाऱ्याने खाली सही करायची, मगच पहिल्याची सुटका. बदली उभा राहिल्याशिवाय जागा सोडली, तर नोकरी सोडल्यातच जमा.

दुसऱ्या पाळीला रिॲक्टरवर एक गोवेकर होता. माझ्याच वयाचा, मला ‘पात्रांव’ म्हणायचा, म्हणजे त्यांच्याकडचं ‘शेठ’. त्याच पाळीला लॅबमध्ये एक बंगाली केमिस्ट, वयाने मोठे, सगळ्या कारखान्याचे दादा. गणपतीत मी पाच दिवस घरी मोदक हाणत बसायचो, तेव्हा आधी रिॲक्टरवर हा, मग लॅबमध्ये ते, माझी पाळी काढत. त्या वर्षी फेड करायची संधी आली. कपात गोवेकराच्या गावाकडचा क्लब होता, आणि त्याचा धाकटा भाऊ त्यात डाव्या बाजूला बचावाला खेळायचा. दादांचा कोलकात्याचा क्लबही होता. तो त्यांना वडिलांकडून आला होता, टकलासारखा.

‘कप संपेपर्यंत तुझ्या मॅचला तुझ्या जागी मी,’ असं मी गोवेकराला चहाच्या टपरीवर सांगितलं. तेच दादांना लॅबमध्ये. दोघांनाही एकमेकांबद्दल सांगितलं नाही. दोघांची कृतज्ञता वेगवेगळी घ्यायला बरी वाटत होती. अगदीच डोळे मिटून सांगितलं होतं असं नाही. दोन क्लब दोन गटांत होते, एकाची मॅच असे त्या दिवशी दुसऱ्याची नसे. माझी पहिली पाळी, ती संपवून तिथेच थांबायचं. गट वेगळे म्हणजे वार वेगळे. शेवटी दोन्ही गट एकाच मैदानात उतरतात, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

गोव्याचा क्लब पहिलीच मॅच हरला. दुसरी जिंकला. तिसरीत दोन गोलांच्या फरकाने जिंकणं भाग होतं, तर यांनी तीन मारले. दादांचा क्लब मात्र जावयासारखा चालला होता, काही न करता मान मिळत होता. मी दोन्हीकडे अभिनंदन करत होतो, आणि गंमत म्हणजे मनापासून.

गुरुवारी गोव्याची सेमीफायनल पेनल्टीवर सुटली. शुक्रवारी तीनला गोवेकर पाळीवर आला तो नाचतच.

“पात्रांव, रविवारी चारला फायनल. तू आहेस म्हणून मांयला गावाहून बोलावलंय. उद्या येतेय.”

“टीव्ही बघायला एवढ्या लांब?”

“तिला मोतीबिंदू आहे रे. नुसते रंग हलताना दिसतात. धाकटा कुठे, बॉल कुठे, ते शेजारी बसून मी सांगणार. गावात सांगणारं कोण आहे?”

“येऊ दे, येऊ दे,” मी म्हणालो, जणू माझ्याच घरी येणार होती.

तो वर रिॲक्टरवर गेला. दहा मिनिटांनी दादा सही करून त्यांची सेमीफायनल बघायला निघाले. दारातून म्हणाले, “आज जिंकला तर रविवार. तू आहे ना?”

“आहे की.”

दार लागलं, आणि ‘रविवार’ हा शब्द माझ्या डोक्यात मघाच्या रविवारावर जाऊन आदळला.

गेटवरच्या वॉचमनकडे ट्रान्झिस्टर होता. मी दर पाच मिनिटांनी गेटला फोन लावू लागलो. अर्धा वेळ झाला, दादांचा क्लब एका गोलाने मागे. इतकं हलकं वाटलं की मला माझीच लाज वाटली. ज्या माणसाने माझे गणपती सांभाळले, त्याचा बापाच्या वेळचा क्लब बुडावा म्हणून मी तळोज्यातून देव पाण्यात घातले होते. समोर टायट्रेशन लावलेलं. थेंब थेंब सोडायचा, फिकट गुलाबी आला की थांबायचं. मी कानाला फोन लावून उभा, आणि फ्लास्क राणी रंगाचा होऊन बसला. नमुना परत घेतला.

“बरोबरी झाली साहेब,” वॉचमन म्हणाला.

दुसराही फ्लास्क राणी रंगाचा. तिसरा नीट जमला तेव्हा दादांचा क्लब फायनलला पोचला होता.

शनिवारी मी सांगू शकलो असतो. सांगितलं नाही. रिॲक्टर चालवता येणारे आणखी दोघं होते, एक लग्नाला गेलेला, दुसरा रात्रपाळीचा, त्याला विचारलं तर म्हणाला, “मी माणूस आहे, मशीन नाही.” तरी मला आशा होती. कशाची, ते आजही सांगता येत नाही.

रविवारी पावणेतीनला शिफ्ट इन्चार्जच्या केबिनमध्ये गोवेकराने सही केली, खाली मी केली. तेवढ्यात दादा आले, त्यांनीही केली आणि पेन माझ्यापुढे धरलं. मी घेतलं. इन्चार्ज जवळच्याच गावचा, त्याचं लक्ष सगळीकडे.

“तू कुटं सही करतोस? तुजी झाली ना येक.”

“दोन्हीकडे बघतो मी.”

“लॅब खाली, रिॲक्टर तिसऱ्या माळ्यावर. तू काय मारुती हाय?”

गोवेकराने रजिस्टर स्वतःकडे ओढून वाचलं. “तू दोघांना सांगितलंस?”

“हो.”

“कधीपासून माहीत होतं?”

“शुक्रवार.”

कोणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. दादांनी गोवेकराला विचारलं, “तुझा आई आला?”

“काल आली.”

“मग तू जा.”

“नको. मॅचच्या दिवशी तुमच्या क्लबाचे उपकार नको.”

“आरं, तीन वाजतान,” इन्चार्ज म्हणाला आणि त्याने खिशातून नाणं काढलं. छापा दादांचा. छापाच पडला. गोवेकराने स्वतःच्या सहीखालची माझी सही खोडली, रेघ अगदी सरळ मारली, आणि हेल्मेट घातलं.

दादा दारात थांबले. “तुझा घर खांदा कॉलनीमध्ये कुठला बिल्डिंग?”

“कशाला?”

“बॉल कुठे आहे ते तिला कोण सांगणार?”

“तुम्ही? तुम्ही खोटं सांगाल.”

“बॉलबद्दल मी खोटं नाही बोलत.”

गोवेकराने हेल्मेटचा पट्टा आवळला. मग पत्ता सांगितला.

त्या दिवशी मी गेटला एकही फोन लावला नाही. नमुने घेतले, लिहिले, चार वाजले, पाच वाजले. वरून इंटरकॉमवर गोवेकर फक्त तापमान आणि प्रेशर सांगायचा. एरवी दर आकड्यामागे मला एक शिवी असायची. सहा वाजून गेल्यावर लॅबचा फोन वाजला. दादा होते.

“त्याला पाठव.”

“कोण जिंकलं?”

“त्याला पाठव.”

मी तीन माळे धावत चढलो, गोवेकराच्या हातातला क्लिपबोर्ड घेतला, तो खाली गेला. दहा मिनिटं मी काट्याकडे बघत उभा होतो. काटा दिसत होता, आकडा दिसत नव्हता. तो परत आला तेव्हा डोळे लाल होते.

“हरलो. दुसरा गोल धाकट्याच्या बाजूने गेला.”

“दादांनी आईला काय सांगितलं?”

“तेच. तुझा मुलगा चुकला म्हणाले. मग ती रडली, तर जिंकून दादा पण रडले.” त्याने नाक पुसलं. “मांय म्हणते, माणूस बरा आहे. चुकलं ते चुकलं म्हणून लगेच सांगतो.”

त्याने माझ्या हातातून क्लिपबोर्ड घेतला आणि वाचला.

“तुझं चुकलेलंही सांगितलंय मी तिला,” तो म्हणाला. “साडेसहाचं तापमान लिहिलं नाहीस.”