शिट्टीला ओ देणारं घर

आमच्या दाजींना घराबाहेर पडायचं असलं की ते बैठकीच्या मधोमध उभे राहायचे, ओठांचा चंबू करून एक लांब शिट्टी मारायचे आणि घर त्यांना ओ द्यायचं. टीं-टीं-टीं. कधी फ्रिजवरून, कधी देवघरातून, एकदा तर चक्क ज्वारीच्या पिठाच्या डब्यातून. गाडीच्या किल्लीला त्यांनी शिट्टी ओळखणारं किचेन लावलं होतं. "बघा, हाक मारली की येतंय. तुमच्या बहिणीला तीनदा हाक मारावी लागती," असं म्हणून ते पीठ झटकत किल्ली खिशात घालायचे. आतून अक्का म्हणायची, "मला बी लावा मग एक गळ्यात."

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. कळमनुरीच्या एका कचेरीत त्यांची कारकुनी झाली आणि निवृत्त झाल्यावर दोघं डोंगरकड्याच्या घरी राहू लागले. मुलगा पुण्याला. मी हिंगोलीत शाळामास्तर. पोरांना विज्ञान शिकवतो आणि मोबाइलचा गजर बायकोकडून लावून घेतो. त्यामुळे दाजींना माझ्याबद्दल अपार करुणा होती.

जगातल्या कोणत्याही कारखान्यात एखादी चमत्कारिक वस्तू तयार झाली की महिनाभरात तिचं पार्सल डोंगरकड्याला उतरायचं. लसूण सोलायची रबरी नळी. अंधारात वेळ बोलून दाखवणारं घड्याळ. गळ्यात अडकवायचा पंखा. तो घालून ते उन्हाळ्यात चौकात गेले की लोक वाट सोडून उभे राहायचे. टाळी वाजवली की पेटणारा दिवाही होता. एका एकादशीला त्यांच्याकडे भजन होतं. मंडळींनी टाळ्यांचा ठेका धरला आणि अख्खं भजन उघडझाप करणाऱ्या उजेडात पार पडलं. अक्का चिडली. दाजी शांत. "वस्तू बराबर हाय. मानूस शिकला पायजे," ते म्हणाले. हे त्यांचं लाडकं वाक्य. नळीतून लसूण निसटला तरी हेच, पंख्यात मिशी अडकली तरी हेच.

वस्तू विकत घेत, पण कॉम्प्युटरवर मात्र सगळं फुकटचं. गावातल्या लेकरांना नोकरीचे फॉर्म भरताना फोटो पन्नास केबीच्या आत बसवायचा असायचा. तो बसायचा नाही. मग पोरं दाजींकडे यायची, पार कुरुंद्याहूनसुद्धा. दाजी कुठल्याशा फुकट प्रोग्रॅममध्ये फोटो घालून चेहरा शाबूत ठेवत आकार उतरवून द्यायचे. सही कापून देणं, चार कागदांची एक फाइल करणं, आडवा आलेला दाखला उभा करणं, सगळं फुकट मिळवलेलं आणि फुकट दिलेलं. आणि दर वेळी काम झालं की ते तो प्रोग्रॅम बनवणाऱ्याला ईमेल करायचे. शुद्ध मराठीत. "आपले साधन वापरले. तीन लेकरांचे फॉर्म भरले गेले. आपल्या घरी सर्व खुशाल असतील."

"दाजी, तो माणूस कुठला कोण. त्याला मराठी वाचता येतं का?" मी विचारलं.

"त्यानं लिव्हलेलं मला तरी कुठं वाचता येऊन राहिलं? तरी वापरलं ना मी. त्यो बी काढंल काही मार्ग." मग चष्मा पुसत म्हणाले, "साळेबुवा, फुकट काही नसतंय. कोणीतरी आपल्या झोपेतून काढून ठेवलेलं असतंय ते. निदान पोचलं म्हणून सांगावं मानसानं."

पोचलं म्हणून सांगावं. हे वाक्य आता मला चावतं, कारण दाजी मला सारखं काहीतरी पाठवायचे. नवी वस्तू आली की मोबाइलवर तिचा व्हिडिओ काढायचे, फुकटच्याच एका प्रोग्रॅममध्ये कापून-जोडून नीट करायचे आणि मला धाडायचे. पहिले दोन-तीन मी पाहिले. सगळे एकाच वाक्यानं सुरू व्हायचे, "नमस्कार साळेबुवा, ऐकून राहिला का?" नंतर मी न उघडताच त्याखाली अंगठ्याचं चित्र पाठवू लागलो. अंगठा पाठवायला मला कोणाची मदत लागत नाही. मी तेवढाच शिकलो होतो.

शिट्टीच्या किचेनवर मात्र त्यांनी मला आणि अक्काला समोर बसवून शिकवणी घेतली होती. आधीचं स्वस्तातलं किचेन कुकरच्या शिट्टीलाही ओरडायचं, बसच्या हॉर्नलाही. हे नवं तसं नव्हतं. "हे शाणं हाय. कुकरला फसत न्हाई. मानसाची लांब शिट्टीच लागती," दाजी म्हणाले, "ओठ गोल करा. जीभ खाली. हां, फुंका."

मी फुंकलं तर थुंकीच उडाली. मला शिट्टी येत नाही. पोरं माझ्या मागे वाजवतात तेवढीच. अक्कानं पदरानं तोंड अर्धं झाकून फुंकलं. नुसती हवा. दाजी म्हणाले, "येतंय, येतंय, अजून एकदा." ती पुन्हा ओठ गोल करणार तेवढ्यात मला विनोद सुचला. "अक्का, दुधावरची साय बाजूला करतेस का?"

सगळे हसले. अक्काही हसली, पण तिनं ओठ मिटले ते मिटलेच. "जाऊ द्या. बाईमानसानं शिट्ट्या मारायच्या असतेत का कुठं?" म्हणत ती उठून गेली. दाजी माझ्याकडे पाहून म्हणाले, "आलं असतं तिला." एवढंच. मला तेव्हा माझ्या विनोदाचा अभिमान वाटला होता.

थंडीच्या दिवसांतली दुपार होती. मी स्टाफरूममध्ये डबा उघडला होता आणि अक्काचा फोन आला.

"सुऱ्या, ह्यांला कसंतरी होऊन राहिलं. घामानं भिजले. बोलता येईना. गाडी दारात हाय, पन किल्लीच सापडंना रे!"

"गाडी चालवणार कोण?"

"समोरच्या दुकानातलं पोरगं चालवितंय. पन किल्ली!"

"शिट्टी मार ना, अक्का!"

पलीकडून फुंकल्याचा आवाज आला. पुन्हा एकदा. मग पुन्हा. नुसती हवा.

"येत न्हाई रे मला. ह्या पोराला बी येईना," ती म्हणाली.

मलाही येत नव्हती. शेजारचे सुदाम वाघमारे केळीच्या शेतात होते. अक्कानं त्यांना फोन केला, ते पिकअप घेऊन तडक आले. तरी पंचवीस मिनिटं गेली. दाजींना नांदेडला नेलं. डॉक्टर म्हणाले, "जरा आधी आणायला हवं होतं." हे वाक्य डॉक्टर सगळ्यांनाच म्हणतात, हे मी अक्काला किती वेळा सांगितलं. तिनं त्यातलं 'जरा' तेवढं उचलून ठेवलं.

तेराव्याला घर माणसांनी भरलं होतं. किल्ली तोवरही मिळाली नव्हती. भाच्यानं पुण्याहून येताना गाडीची दुसरी किल्ली आणली, म्हणाला, "मी एक शिट्टी मारतो, आत्ता सापडेल."

अक्का भिंतीला टेकून बसली होती. ती ताठ झाली.

"ह्या घरात कोणी शिट्टी मारायची न्हाई."

"अगं आई, पण..."

"मला आली की मीच हुडकीन. कुठं होती ते मला बघायचंय. किती लांब होती ते."

भाचा पुण्याला परतला. मी दर रविवारी डोंगरकड्याला जाऊ लागलो आणि जे पाहिलं ते कोणाला सांगितलं नाही. अक्का भांडी घासता घासता थांबायची, ओठ गोल करायची, फू करायची आणि मान कलती करून ऐकायची. मग पुढच्या खोलीत जाऊन फू. ओसरीवर फू. साठीची बाई घरभर हवा फुंकत फिरते आणि प्रत्येक वेळी उत्तराची वाट पाहते. एकदा तिच्या मागे उभं राहून मीही कान लावला. दाजींचं बोलणारं घड्याळ तेवढं कुठूनतरी वेळ सांगून गेलं आणि माझ्या अंगावर काटा आला. गल्लीतल्या बायका म्हणत, "त्यांचा जीव अडकला हाय घरात." मला वाटायचं, जीव अडकलाय हे खरं, पण तो त्यांचा नाही.

एका रविवारी ती दाजींच्या लोखंडी पलंगावर बसून शेंगा फोडत होती. म्हणाली, "शेवटी बोलता येत नव्हतं ना त्यांला. पन हात हालत व्हता, बोटं तेवढी वळत नव्हती. पलंगाच्या कडंवर सारखा हात आपटायचे. इथं. असा." तिनं उशीजवळच्या लोखंडी दांड्यावर हात मारून दाखवला. "मला वाटलं, बस म्हणून राहिले. मंग मी हुडकायचं सोडून बसले घडीभर. हात धरला. तर अजून जोरात आपटायला लागले."

एक शेंग फोडून म्हणाली, "उभ्या जन्मात कधी जवळ बस म्हणाले न्हाईत. तवा म्हणाले."

मी शेंगा उचलून फोडू लागलो. त्या घरात तिच्यापाशी उरलेली चांगली गोष्ट ती एवढीच होती.

भाच्याला दाजींचा मोठा करून लावायला एक चांगला फोटो हवा होता. तो शोधायला मी तिथेच खुर्चीवर बसून मोबाइल काढला आणि दाजींचे निरोप वर सरकवू लागलो. त्यांचा व्हिडिओ, माझा अंगठा. त्यांचा व्हिडिओ, माझा अंगठा. न उघडलेल्यांची ती रांग पाहवेना. सगळ्यात शेवटचा, ते जायच्या चार दिवस आधीचा, मी उघडला. आवाज कमी कुठून करतात ते मला माहीत नव्हतं. तो पूर्ण मोठा होता.

"नमस्कार साळेबुवा, ऐकून राहिला का?"

अक्काच्या हातातली शेंग तशीच राहिली.

दाजींच्या अंगात राखाडी स्वेटर होता. हातात काळी चपटी पट्टी. "हे चुंबक हाय. आता शिट्टीची बी तकलीफ न्हाई. हे चिकटवलं पलंगाच्या दांड्याला, खालून. ह्याला लावली किल्ली. झोपल्या झोपल्या हात घातला की हातात..."

मला कळलं. पलंगावर आपटणारा तो हात मला दिसला. हे अक्कानं ऐकायला नको होतं. मी व्हिडिओ बंद करायला गेलो, पण बोट भलतीकडेच लागलं. तो बंद व्हायच्या ऐवजी आणखी मोठा झाला, पडदाभर दाजी. आणि माझं मनगट कोणीतरी धरलं.

"ऱ्हाऊ दे," अक्का म्हणाली. "बोलू दे त्यांला."

व्हिडिओत दाजींनी स्वयंपाकघराकडे मान वळवली. "अगं, ऐकून राहिलीस का? किल्ली इथं लावली बरं का!"

आणि आतून, फोडणीच्या आवाजातून, अक्काचाच आवाज आला, "व्हय व्हय, ऐकलं!"

मी तिच्याकडे पाहू शकलो नाही. तिचं ते 'व्हय व्हय' आणि खाली माझा अंगठा. दोघांनाही पोचलं होतं आणि दोघांनीही घेतलं नव्हतं.

"आता बघा, घरात कुठूनबी आवाज द्या," पडद्यावरचे दाजी म्हणाले. त्यांनी ओठांचा चंबू केला आणि ज्या घरात दोन महिने शिट्टीला बंदी होती तिथे त्यांची ती लांब, शेवटाला किंचित वर जाणारी शिट्टी वाजली.

टीं-टीं-टीं.

व्हिडिओतली किल्ली वाजली. आणि लगेच, तिच्या पाठोपाठ, अक्का बसली होती त्या पलंगाखालून खरी किल्ली वाजली. खोल, थोडी थकलेली. टीं. टीं. टीं.

व्हिडिओ संपला. मग अक्कानं डावा हात खाली सोडला, दांड्याखाली घातला, आणि हात वर आला तेव्हा त्यात किल्ली होती. तिला वाकावंसुद्धा लागलं नाही.

तिनं पदरानं किल्ली पुसली. मी म्हणालो, "अक्का, माझ्याकडे आला होता व्हिडिओ. मी उघडला असता तर तुला फोनवर सांगता आलं असतं." शिकवणीच्या दिवशी मी तिच्या ओठांवर केलेल्या विनोदाबद्दलही मला बोलायचं होतं. पण तो तिला माझ्याइतकाच पाठ असणार, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

"म्हंजे किल्ली म्हणून राहिले व्हते," ती शेवटी म्हणाली.

मी मान खाली घातली.

तिनं उशीजवळच्या दांड्यावर दोनदा हात मारून पाहिला, तसाच, सावकाश. मग म्हणाली, "पन मी बसल्यावर हात सोडवून न्हाई घेतला त्यांनी. आपटत व्हते ते दुसऱ्या हातानं. हा माझ्याच हातात व्हता." आणि किल्ली परत दांड्याखाली लावून टाकली. खट् आवाज झाला. "किल्ली बी म्हणत असतील. अन् बस बी."

गाडी भाच्यानं विकायला काढली आहे. ती त्याच्याकडच्या किल्लीनं जाईल. ही किल्ली पलंगालाच आहे. तिचे गोल सेल हिंगोलीतून मी नेऊन देतो आणि बसवताना दर वेळी उलटे बसवतो. अक्का म्हणते, "वस्तू बराबर हाय," आणि पुढचं म्हणत नाही. शिट्टी तिला अजून आलेली नाही. पण आता ती मान कलती करून ऐकत बसत नाही. तो व्हिडिओ तिच्या मोबाइलमध्ये आहे.

बाकीचे माझ्याकडे आहेत. रोज सकाळी शाळेत जाण्याआधी त्यातला मी एक उघडतो. कधी बाटलीचं झाकण काढायचं यंत्र असतं, कधी फोटो लहान करायची युक्ती. दाजी विचारतात, "नमस्कार साळेबुवा, ऐकून राहिला का?" आणि मी चहाचा कप खाली ठेवून मोठ्यानं म्हणतो, "ऐकून राहिलो, दाजी." बायको आतून डोकावते आणि परत जाते. रांग रोज एकानं कमी होते. म्हणून हल्ली मधूनमधून एखादा दिवस मी मुद्दाम सोडून देतो.